खंदकातला छापखाना: ‘वायपर्स टाइम्स’ची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय.

आज सुरुवात एका जाहिरातीनं करू या. जाहिरात आहे प्लॉटची. टेकडीवरची जागा. भरपूर उजेड, खेळती हवा, तब्येतीला उत्तम, आणि समोर एका ऐतिहासिक शहराचा देखावा. आपल्याकडे हायवेच्या कडेला मोठमोठ्या फलकांवर असतात ना, तशीच. फरक एवढाच, की ही जाहिरात छापली गेली १९१६ साली, बेल्जियममध्ये. आणि ती टेकडी होती ‘हिल सिक्स्टी’.

आता ही टेकडी म्हणजे काय, ते ऐका. रेल्वेमार्ग खोदताना निघालेल्या मातीचा ढिगारा. समुद्रसपाटीपासून साठ मीटर, म्हणून नाव हिल सिक्स्टी. पण आजूबाजूचा सगळा मुलूख इतका सपाट, की एवढ्याशा उंचवट्यावरूनही लांबचं दिसायचं. त्यामुळे ज्याच्या ताब्यात टेकडी, त्याला समोरच्यावर तोफा डागायला सोपं. १९१५च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी टेकडीखाली बोगदे खणले, सुरुंग उडवले आणि ती घेतली. मे महिन्यात जर्मनांनी विषारी वायू सोडून ती परत घेतली. हजारो माणसं त्या ढिगाऱ्यापायी गेली. आणि जाहिरातीत खाली लिहिलेलं, की प्लॉटच्या चौकशीसाठी अमुक जर्मन कंपनीला भेटा. म्हणजे जागा छान आहे हो, पण मालक सध्या समोरच्या खंदकात बसलाय!

ही जाहिरात लिहिणारी माणसं त्या टेकडीपासून काही किलोमीटरवर, तोफगोळ्यांच्या माऱ्यात बसली होती. आजची गोष्ट त्यांची. त्यांच्या वर्तमानपत्राचं नाव ‘द वायपर्स टाइम्स’.

‘हसण्यावारी नेणं’ म्हणजे काय?

मराठीत एक छान शब्दप्रयोग आहे, ‘हसण्यावारी नेणं’. गंमत बघा, हा आपण बहुतेक वेळा तक्रार म्हणून वापरतो. “मी काय बोलतेय, ते हसण्यावारी नेऊ नकोस.” “डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण यांनी हसण्यावारी नेलं.” म्हणजे ज्याची काळजी करायला हवी होती, ती केली नाही, हसून टाळली.

दुसऱ्या बाजूला आपणच म्हणतो, “अरे, हसून सोडून दे. किती मनाला लावून घेशील?” मग खरं काय? काळजी हसून उडवून लावणं हा शहाणपणा की पळपुटेपणा?

मला वाटतं, याचं उत्तर घरात बसून तत्त्वज्ञान करण्यापेक्षा ईपरच्या खंदकात जाऊन शोधावं. कारण तिथे काळजी करायला खरोखर कारण होतं. संध्याकाळपर्यंत जिवंत राहू की नाही, ही काळजी होती.

ईप्र, ईपर आणि वायपर्स

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला एक जुनं शहर आहे. स्थानिक भाषेत ईपर, फ्रेंचमध्ये ईप्र. मध्ययुगात कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. तिथला ‘क्लॉथ हॉल’ म्हणजे कापडबाजाराची प्रचंड इमारत १३०४ साली पूर्ण झाली होती. सहाशे वर्षं उभी होती. पहिल्या महायुद्धात तोफांनी तिचे नुसते अवशेष ठेवले.

इंग्रज शिपायांना फ्रेंच उच्चार काही जमेना. ईप्रचं स्पेलिंग वाचून त्यांनी आपलं सोपं नाव पाडलं, ‘वायपर्स’. प्लूगस्टीर्ट नावाचं गाव होतं, त्याचं झालं ‘प्लगस्ट्रीट’. आपल्याला यात नवल वाटायला नको. याच साहेबानं खडकीचं ‘किर्की’ केलं होतं.

ईपरच्या भोवती आघाडीची रेषा एखाद्या फुगवट्यासारखी जर्मनांच्या बाजूला घुसलेली होती. त्यामुळे शहरावर आणि भोवतालच्या खंदकांवर तीन बाजूंनी मारा व्हायचा. २२ एप्रिल १९१५ला जर्मनांनी क्लोरीन वायूचा पहिला मोठा हल्ला केला, तो इथेच. जमीन सखल, थोडं खणलं की पाणी. खंदकात गुडघाभर चिखल, उंदीर, उवा, आणि तो वास.

अशा ठिकाणी १९१६च्या सुरुवातीला ‘शेरवूड फॉरेस्टर्स’ या रेजिमेंटची बारावी बटालियन होती. ही पायोनियर बटालियन, म्हणजे रस्ते दुरुस्त करायचे, खंदक खणायचे, काटेरी तारा लावायच्या आणि वेळ पडली तर लढायचंही. तिची २४वी डिव्हिजन त्याआधी, सप्टेंबर १९१५मध्ये, लूसच्या लढाईत गेली होती. नवखी पोरं, आघाडीचा अनुभव नाही, नुकतीच फ्रान्समध्ये उतरलेली, लांबून पायी चालत आलेली. त्यांना सरळ हल्ल्याला पाठवलं आणि डिव्हिजनची दाणादाण उडाली. म्हणजे वर्तमानपत्र काढणारी ही माणसं युद्धाच्या बाबतीत भाबडी नव्हती. त्यांनी ते बघितलं होतं.

खिळे कमी, विनोद जास्त

कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स आणि लेफ्टनंट जॅक पिअर्सन हे दोन अधिकारी. पत्रकारितेशी दोघांचाही संबंध नव्हता. उद्ध्वस्त ईपरमध्ये, क्लॉथ हॉलच्या आसपास, कामाच्या वस्तू शोधताना त्यांच्या माणसांना एक मोडकळलेला छापखाना सापडला. यंत्र होतं, खिळे इकडेतिकडे विखुरलेले होते, कागद होता. पलटणीतला एक सार्जंट लढाईआधी मुद्रक होता. त्यानं यंत्र खटपट करून चालू केलं. आणि रॉबर्ट्सच्या डोक्यात आलं, पेपर काढू!

१२ फेब्रुवारी १९१६ला पहिला अंक निघाला. प्रती शंभर. नाव ‘वायपर्स टाइम्स’.

काम कसं चालायचं? शहराच्या जुन्या तटबंदीच्या पोटात विटांच्या कमानदार खोल्या होत्या. वरून गोळे पडतायत आणि खाली खिळे जुळवले जातायत. अडचण अशी, की ‘ई’ आणि ‘वाय’ या अक्षरांचे खिळे पुरेसे नव्हते. आता इंग्रजीत ‘ई’ सगळ्यात जास्त लागतो. मराठीत छापायला बसावं आणि कानाच संपावा, तसं झालं! मग काय करायचं, एक पान जुळवायचं, छापायचं, खिळे सोडवायचे आणि त्याच खिळ्यांत पुढचं पान. पुढे एक गोळा छापखान्यावरच पडला आणि यंत्र गेलं. त्यांनी दुसरं शोधलं. ते सापडलं ‘हेल फायर कॉर्नर’जवळ, म्हणजे ज्या चौकाला शिपायांनी नरकाग्नीचं नाव दिलं होतं, तिथे.

पलटण हलली की पेपर हलायचा आणि नावही बदलायचं. ‘द न्यू चर्च टाइम्स’, ‘द केमेल टाइम्स’, ‘द बी. ई. एफ. टाइम्स’. फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत गेले, तेव्हा नाव ठेवलं ‘द सोम-टाइम्स’. इंग्रजीत ‘समटाइम्स’ म्हणजे ‘कधीतरी’. युद्ध चालू, पेपर निघेल तेव्हा निघेल! शेवटी युद्ध थांबलं, तेव्हाचं नाव ‘द बेटर टाइम्स’. बरे दिवस. अडीच-पावणेतीन वर्षांत मिळून २३ अंक.

आत काय असायचं?

पेपरात जे जे असतं, ते सगळं. अग्रलेख, वाचकांची पत्रं, क्रमशः कथा, कविता, जाहिराती. फक्त सगळं उलटं.

क्लॉथ हॉलची जाहिरात एखाद्या नाट्यगृहासारखी. या आठवड्यात खास आकर्षण वगैरे, आणि पुढे हमी, की शहरातली सर्वात हवेशीर जागा हीच. हवेशीर असणारच, छप्परच उडालेलं! दुसरी जाहिरात टॅक्सीची. आमच्या नव्या गाड्या वापरून बघा, दोन्ही बाजूंना लाल फुली आहे, लगेच ओळखू येतील. म्हणजे जखमींना नेणारी रुग्णवाहिका. क्रमशः कथेतला गुप्तहेर शेरलॉक होम्स नव्हे, तर ‘हर्लॉक शोम्स’. आणि तो शोधतोय काय, तर शिपायांच्या वाट्याची नाहीशी झालेली रम!

एका अंकात संपादकांनी चिंतेनं कळवलं, की डिव्हिजनमध्ये एक रोग पसरलाय. कवितेचा. एका हातात वही आणि दुसऱ्या हातात बॉम्ब घेऊन तरुण अधिकारी काटेरी तारांजवळ तंद्रीत फिरताना दिसतायत. तेव्हा कवींनो, कृपा करा आणि थोडं गद्यही पाठवा. आपल्या दिवाळी अंकांच्या कुठल्याही संपादकाला हे दुःख लगेच कळेल.

आता इथे एक गोष्ट नीट बघा. या सगळ्या विनोदांत खरी माहिती ठासून भरलेली आहे. टेकडी कुणाच्या ताब्यात आहे, छप्पर उडालंय, रम पोचत नाही, जखमी रोज नेले जातायत. काहीही लपवलेलं नाही. त्या काळात लंडनमधल्या वर्तमानपत्रांत जे वाचायला मिळत नव्हतं, ते या थट्टेच्या पेपरात होतं.

तुम्हाला आशावादाचा आजार तर नाही ना?

आणि इथे आपण मुद्द्याशी येतो.

१ जुलै १९१६. सोमची लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याची हानी ५७,४७०. त्यातले मेलेले १९,२४०. एका दिवसात. ब्रिटिश सैन्याच्या इतिहासातला हा सर्वात वाईट दिवस मानतात.

लंडनच्या पेपरांत मात्र सुरुवातीला काय आलं? सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, आपले वीर हसत हसत पुढे गेले. ‘डेली मेल’चे वार्ताहर विल्यम बीच थॉमस यांचं लिखाण तर शिपायांमध्ये कुप्रसिद्ध झालं. रणांगणावर पडलेला आपला मृत शिपाईसुद्धा इतरांपेक्षा किती शांत, किती निष्ठावंत दिसतो, अशा थाटाचं ते लिहीत. ज्याच्या शेजारी तो मृतदेह तीन दिवस पडून आहे, त्यानं हे वाचून काय म्हणावं?

त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलैला, ‘सोम-टाइम्स’ निघाला. त्यात एक जाहिरात होती, औषधाच्या जाहिरातीच्या थाटात. विषय, तुम्हाला आशावादाची बाधा झालीय का? मग लक्षणं विचारलेली. सकाळी उठल्यावर सगळं आपल्या बाजूनं चाललंय असं वाटतं का? युद्ध वर्षभरात संपेल असं वाटतं का? वाईट बातमीपेक्षा चांगल्या बातमीवर जास्त विश्वास बसतो का? तसं असेल तर घाबरू नका. आमच्याकडे दोन दिवस राहायला या, आजार मुळापासून बरा करून देऊ. ‘आमच्याकडे’ म्हणजे अर्थात खंदकात.

मंडळी, हे वाचताना मी थांबलो. कारण आपण समजतो, की विनोद आणि आशावाद एकाच घरातले. हसतमुख माणूस म्हणजे पॉझिटिव्ह माणूस. पण इथे तर विनोदानं आशावादालाच धरलंय! खंदकातल्या माणसाला शत्रूइतकाच राग येत होता तो “सगळं छान होणारे” म्हणणाऱ्याचा.

बीच थॉमस यांच्या नावाची मोडतोड करून पेपरानं ‘टीच बोमास’ नावाचा वार्ताहर तयार केला. तो अशक्य शौर्याची वर्णनं पाठवायचा. दुसरे होते हिलेअर बेलॉक, घरी बसून जर्मनांच्या हानीचे आकडे मांडणारे नामांकित लेखक. त्यांचं झालं ‘बेलरी हेलॉक’. तो बेरजा-वजाबाक्या करत करत असं सिद्ध करायचा, की आता लढायला जवळजवळ कुणी जर्मन उरलेलाच नाही. आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावरून त्याच क्षणी जर्मन गोळा जातोय!

पुढे १९२५मध्ये आपल्या आठवणी लिहिताना बीच थॉमस यांनी कबूल केलं, की सोमबद्दल जे लिहिलं, त्याची आपल्याला मनापासून लाज वाटते. त्यांच्यावर सेन्सॉरचं बंधन होतं, हेही खरं. पण थट्टेचा पेपर काढणाऱ्यांना अशी लाज वाटायची वेळ आली नाही. कारण थट्टा करताना ते खोटं बोलले नव्हते.

मला या सगळ्या गोष्टीतून कळलं ते हे. काळजी हसून उडवण्याचे दोन प्रकार आहेत. एकात माणूस काळजीकडे बघतच नाही. “काही होत नाही रे, चिल!” दुसऱ्यात तो काळजीकडे अगदी जवळून बघतो, तिचं नाव, पत्ता, उंची सगळं नोंदवतो आणि मग तिची प्लॉटची जाहिरात करतो. पहिला प्रकार म्हणजे हसण्यावारी नेणं. दुसऱ्याला आपल्याकडे नेमका शब्द नाही, पण तो पहिल्याच्या बरोबर उलट आहे.

जिथे विनोद थांबतो

पण थांबा. इथेच गोष्ट संपवली, तर मीही टीच बोमास होईन. “बघा, ते गोळ्यांखाली हसले, तुम्ही एका निकालानं काय रडताय?” असं सांगायला हा भाग नाही.

याच पेपरात एका साध्या शिपायाची कविता आहे, मेलेल्या मित्रावर. तिच्यात कसलाही विनोद नाही. संपादकांनी तिच्या शेजारी चिमटाही काढलेला नाही. चिखलावर हसायचं, उंदरांवर हसायचं, सेनापतींवर आडून हसायचं, स्वतःच्या भीतीवरही हसायचं. मित्राच्या मरणावर नाही. कुठे गप्प बसायचं, हे त्यांना कळत होतं.

आणि हसून सगळं निभावतं असंही नव्हतं. फेब्रुवारी १९१५मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरून लेख लिहिला. थरथर, झोप उडणं, वाचा जाणं, दिसेनासं होणं. शरीरावर जखम नाही, पण माणूस आतून मोडलेला. सैन्यातल्या अनेकांना हा भित्रेपणाच वाटत होता. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्यानं आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यातल्या ३०६ जणांना ब्रिटिश संसदेनं मरणोत्तर माफी दिली, ती २००६ साली. नव्वद वर्षांनी.

म्हणजे त्याच आघाडीवर कुणी विनोद लिहीत होतं आणि कुणी थरथरत होतं. लिहिणारा शूर आणि थरथरणारा भित्रा, असा हिशोब मांडायचा मोह होतो. तो मोडायला खुद्द रॉबर्ट्सच पुरेसा आहे. पुढे या अंकांबद्दल लिहिताना त्यानं वाचकांना बजावलं, की हे हसणं पुष्कळदा सहज आलेलं नव्हतं, ते ताणाखाली फुटलेलं हसू होतं. म्हणजे संपादक आणि तो थरथरणारा शिपाई यांच्यात वाटतं तेवढं अंतर नव्हतं.

‘ब्लायटी’ आणि काळी मिरी

आता या गोष्टीचा आपल्या बाजूचा धागा.

खंदकातल्या इंग्रज शिपायांच्या तोंडी एक शब्द सतत असायचा, ‘ब्लायटी’. अर्थ, मायदेश, इंग्लंड. शब्द आला कुठून? आपल्या ‘विलायती’वरून! हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या पलटणींनी तो तोंडी रुळवला. ‘ब्लायटी वूंड’ म्हणजे अशी जखम, की जीव जाणार नाही, हातपाय बरेचसे शाबूत राहतील, पण घरी पाठवण्याइतकी मोठी असेल. अशी जखम झाली की बाकीचे अभिनंदन करायचे. हाही विनोदच, आणि किती खरा! शिवाय आरामाच्या कामाला ते म्हणत ‘कुशी’, आणि या शब्दाचं मूळ बहुतेक जण आपल्या ‘खुशी’त शोधतात.

शब्द गेले, तशी माणसंही गेली होती. १९१४च्या शरद ऋतूत ईपरच्या आघाडीवर हिंदी पलटणी लढल्या. १९१५च्या वायुहल्ल्यानंतरच्या लढाईत लाहोर डिव्हिजन होती. त्यांचा पेपर निघाला का? छापखाना सापडणं, अधिकारी असणं, वरिष्ठांनी डोळेझाक करणं, हे सगळं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांना होतं फक्त पत्र. आणि पत्र वाचायला सेन्सॉर बसलेला.

या पत्रांचे अनुवादित उतारे सेन्सॉरच्या अहवालांमुळेच आज टिकून आहेत. बहुतेक पत्रं पंजाबकडच्या शिपायांची. काहींमध्ये मसाल्याच्या गोष्टी येतात. काळी मिरी बरीच संपत आली, लाल मिरची मात्र अजून आहे, अशा छापाच्या. वाचणाऱ्याला वाटेल, स्वयंपाकघराची यादी. पण काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. आमची माणसं खर्ची पडतायत, हे गावाला कळवायचं होतं. सेन्सॉरलाही ते कळलं, म्हणून तर आपल्यापर्यंत पोचलं. याला विनोद म्हणायचं का? हसू येत नाही खरं. पण पद्धत तीच. भयंकर गोष्ट साध्या बाजारहाटाच्या भाषेत सांगायची.

आणि मराठी शिपाई? १२ फेब्रुवारी १९१६ला ‘वायपर्स टाइम्स’चा पहिला अंक निघत होता, तेव्हा १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कुत शहरात वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत आलं, घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. शेवटी शरणागती आणि कैद. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची ही माणसं. ती तिथे काय बोलली, कशावर हसली, कुणाची नक्कल केली? हसली नसतील असं शक्यच नाही. चार मराठी माणसं उपाशी एकत्र बसली, तर पहिला टोमणा जेवणावरच येणार. पण त्यांच्यापाशी खिळे नव्हते. एक अक्षर कमी असण्याचा प्रश्नच नव्हता, सगळीच अक्षरं नव्हती.

म्हणून ‘वायपर्स टाइम्स’ वाचताना मला दोन्ही वाटतं. कौतुकही आणि रुखरुखही. इतिहासात विनोद उरतो तो ज्याच्या हातात छापखाना आहे त्याचा. बाकीच्यांचा विनोद हवेत जातो.

मग पुढे काय झालं?

मार्च १९१८मध्ये जर्मनांनी शेवटचा मोठा हल्ला केला आणि पेपर थांबला. युद्धाच्या अखेरीला ‘बेटर टाइम्स’चे दोन अंक निघाले, नोव्हेंबर आणि डिसेंबर १९१८. रॉबर्ट्स आणि पिअर्सन दोघेही जिवंत राहिले, दोघांनाही शौर्यपदकं मिळाली. पुढे रॉबर्ट्स कॅनडात गेला, पिअर्सन अर्जेंटिनात. पत्रकार दोघांपैकी कुणीच झालं नाही. २०१३मध्ये बीबीसीनं त्यांच्यावर चित्रपट केला, तेव्हा नव्या पिढीला त्यांची नावं कळली.

ईपर शहर पुन्हा बांधलं. क्लॉथ हॉल होता तसा उभा करायला १९६७ उजाडलं. आता तिथे युद्धाचं संग्रहालय आहे. जवळच मेनिन गेट, ज्यांचे मृतदेह सापडले नाहीत अशा ५४,०००हून अधिक सैनिकांची नावं कोरलेलं. त्यात हिंदी सैनिकांचीही आहेत. रोज रात्री आठ वाजता तिथे बिगूल वाजतो.

तर मंडळी, आपल्या पिढीकडे आता छापखाना खिशात आहे. परीक्षा पुढे ढकलली की दहा मिनिटांत मीम. नोकरी गेली, ब्रेकअप झालं, घरभाडं वाढलं, प्रत्येकावर रील. घरातली मोठी माणसं म्हणतात, यांना कशाचं गांभीर्यच नाही. मला तसं सरसकट वाटत नाही. एखादं मीम बघताना आपण एवढंच विचारावं, यात खरं काय ते सांगितलंय की झाकलंय? टेकडी कुणाच्या ताब्यात आहे, हे त्या विनोदात कळतं का? कळत असेल, तर तो माणूस काळजीपासून पळत नाहीये, तिच्यासमोर बसलाय. आणि “बी पॉझिटिव्ह”वाला सकाळचा फॉरवर्ड आला, तर आशावादाच्या बाधेची ती जाहिरात आठवा.

फक्त एक करा. तुमच्या ग्रुपवर जो सगळ्यात जास्त हसवतो ना, त्याला कधीतरी वेगळा फोन करा. ग्रुपवर नाही, एकट्याला. “कसा आहेस?” एवढंच विचारा. रॉबर्ट्स सांगून गेलाय, हसू नेहमी सहज आलेलं नसतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, गावात कुणी पणजोबा-खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात गेले असतील आणि त्यांचा एखादा किस्सा, एखादा टोमणा घरात अजून सांगितला जात असेल, तर तो नक्की लिहून ठेवा. आता खिळ्यांची कमतरता नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!